विजयदुर्ग बंदरात छोटी बोट घेऊन गेलात तर: दोन रात्रींचा अनुभव

विजयदुर्गला लोक किल्ला बघायला जातात, तटावर उभं राहून खाली बंदरातल्या बोटींचे फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत परत फिरतात. गेल्या डिसेंबरात दोन रात्री आमची बोट त्या फोटोत होती. रस्त्याने जाणाऱ्यांसाठी माहिती ढीगभर सापडते, पण समुद्रातून जाणाऱ्याने नांगर कुठे टाकायचा, धक्क्याला लावायचं का नाही, कोणाला सांगायचं, हे मराठीत कुठेच नीट वाचायला मिळालं नव्हतं म्हणून लिहितोय.

बोट म्हणजे 26 फुटी शिडाची, फायबरची, कील म्हणजे तळाखालचा पंखा पाण्याखाली चार फूट, मागे 10 एचपीचं इंजिन. वारा नसेल तर इंजिनवर पाच नॉट, त्याच्यावर जात नाही. माणसं तीन, मी, माझा कॉलेजचा मित्र आणि बायकोचे मामा. मामा देवगडचे, तीस वर्षं तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान होते, आता घरी असतात पण बोट म्हटलं की पिशवी भरून तयार. ते जयगडला आमच्यात आले आणि पुढची सगळी ट्रिप सोपी झाली, हे आधीच सांगतो.

जयगडहून पहाटे चारला निघालो. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर सगळं गणित वाऱ्याचं असतं, रात्री उशिरा जमिनीवरून मतलई सुटते, ती सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते, मग तासभर सगळं पडतं आणि दुपारी समुद्राकडून वायव्येचा वारा चढतो. दक्षिणेला जाताना दोन्ही वारे आपलेच. मतलईवर रत्नागिरीचा दिवा मागे टाकला, पूर्णगडच्या समोर वारा पडला तेव्हा इंजिन लावलं, आंबोळगडच्या पुढे परत शीड. साधारण 45 सागरी मैल, दहा तास लागले. अंधारात सगळ्यात मोठा त्रास जाळ्यांचा, काही जाळ्यांच्या बोयांवर लुकलुकणारे दिवे असतात पण काहींवर नुसतं काळं फडकं, त्यामुळे एक माणूस बॅटरी घेऊन पुढे नाळेवर बसलाच पाहिजे. आम्ही आळीपाळीने बसलो आणि दोनदा थोडक्यात वाचलो.

जैतापूरचं दीपगृह मागे पडलं की थोड्याच वेळात विजयदुर्गचा तट दिसायला लागतो. पाण्यातून सरळ वर आलेला, काळा. गाडीने जाऊन मी हा किल्ला तीनदा बघितलाय पण तो कशासाठी बांधला हे मला चौथ्यांदा कळलं, समुद्रातून येताना. खाडीत शिरणारी प्रत्येक बोट त्याच्या नजरेखालूनच जाते, दुसरा रस्ताच नाही.

आता शिरण्याचं. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडावर वाळूचा उंचवटा असतो, भरतीशिवाय आत जाता येत नाही आणि लाटा असल्या की त्या उंचवट्यावरच फुटतात, तिथे बोटी उलटतात. विजयदुर्गला तो नाही. ब्रिटिशांच्या जुन्या गॅझेटियरमध्ये सुद्धा हेच लिहिलंय की या बंदराच्या तोंडावर वाळूचा अडथळा नाही, कुठल्याही हवेत आत येता येतं आणि पावसाळ्यात मोठ्या जहाजांना सुद्धा इथे आसरा मिळतो. नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका निवतीजवळ बुडवण्यासाठी म्हणून 2025 मध्ये इथेच आणून ठेवली होती, 80 मीटरपेक्षा लांब जहाज. ते जिथे राहिलं तिथे आपल्या चार फुटांच्या कीलला काय होणार. रात्री उशीर झाला, हवा बिघडली, इंजिन कुरकुरायला लागलं, तर या पट्ट्यात डोळ्यासमोर ठेवायचं बंदर हे. माझ्यासाठी पाचपैकी चार स्टार इथेच झाले.

तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे किल्ल्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, जवळून जायचं नाही. तिथे पाण्याखाली दगडी भिंत आहे असं सांगतात, शत्रूची जहाजं आपटावीत म्हणून बांधलेली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी तिचा अभ्यास पण केलाय. भिंत माणसाने बांधली का निसर्गाने यावर कोणी कितीही वाद घालो, कीलला दोन्ही सारखंच लागणार. फोटोसाठी म्हणून तटाजवळ बोट नेऊ नका, बाहेरून मोठा वळसा घ्या, किल्ला उजव्या हाताला ठेवून आत या.

दुसरी गोष्ट वेळेची. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो म्हणजे उधाण, आणि पोहोचलो दुपारी दोनला, म्हणजे भरती होऊन गेलेली आणि ओहोटीचं पाणी जोरात खाडीतून बाहेर येतंय आणि वायव्येचा वारा वरून बरोबर त्याच्या तोंडावर. तोंडाशी उभ्या लाटा होत्या, मोठ्या नाहीत, चार-पाच फूट, पण आखूड, एकीवरून उतरतोय तोवर दुसरी. मामांनी शीड उतरवायला लावलं, इंजिन अर्ध्यावर, आणि दहा मिनिटं कोणी बोललं नाही. किल्ल्याचं टोक ओलांडलं आणि पाणी एकदम सपाट झालं, म्हणजे खरंच घराचं दार लावल्यावर बाहेरचा आवाज थांबतो तसं. अकराच्या आसपास, भरतीच्या शेवटाला पोहोचला असतात तर यातलं काहीच नसतं. भांगाच्या दिवसात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पण त्रास कमी. टाइड टेबल बघून जयगडहून तीन तास आधी निघायला हवं होतं, ही आमची चूक.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. विजयदुर्गला बोट बांधायला जाऊ नका, नांगरायला जा.

धक्का दिसला की आपल्याला वाटतं लावूया, उतरूया, चहा पिऊया. आम्हालाही तेच वाटलं, मी टायर बाहेर काढून दोर तयार करून उभा पण राहिलो. धक्क्यावर जाळं शिवत एक काका बसले होते, त्यांनी हात हलवला आणि ओरडून म्हणाले, "हयसर बांधू नकात! रात्री ट्रॉलर इले की तुमची बोट मधी गावतली!" मामांनी विचारलं, "मगे खंय टाकू?" त्यांनी बोटाने दाखवलं, धक्क्याच्या पलीकडे, आत, जिथे दोन जुन्या होड्या नांगरावर होत्या त्यांच्या मागे. "थंय टाका. ओहोटीक पण दोन वाव पाणी असा. बरी ऱ्हवतली." दोन वाव म्हणजे बारा फूट, आमच्या मीटरवर पण जवळपास तेवढंच दिसलं.

या सल्ल्याची किंमत आम्हाला बरोबर कळली कारण याच ट्रिपमध्ये दोन रात्री आधी दुसऱ्या एका बंदरात, नाव घेत नाही, आम्ही धक्क्याला बांधलं होतं. कोणी नको म्हटलं नाही, आम्ही पण विचारलं नाही. रात्री अडीचला मासळी घेऊन ट्रॉलर आला, त्याला मासळी उतरवायची घाई, बर्फ वितळतोय, लिलावाची वेळ, तो आमच्या बाहेरच्या बाजूला लागला आणि त्याच्या बाहेर दुसरा. आमची पातळ फायबरची बोट धक्का आणि लाकडाच्या वीस टनाच्या मध्ये. रेलिंगचा एक पाईप वाकला, एक टायर फाटला. चूक त्यांची नव्हती, ती त्यांची कामाची जागा आहे आणि आम्ही त्यांच्या दुकानाच्या दारात गाडी लावून झोपलो होतो.

शिवाय उधाणाच्या दिवसात पाणी सहा-सात फूट वरखाली होतं, धक्क्याला बांधलं तर दर दोन तासांनी उठून दोर सैल-ताठ करायला लागतो, नाहीतर बोट दोराला लटकते. पाँटून म्हणजे पाण्यावर तरंगणारा धक्का असेल तर तो बोटीबरोबर वरखाली होतो पण तसला प्रकार इथे आम्हाला दिसला नाही. बांधायला बोया, किनाऱ्यावरून वीज, पाण्याचा पाईप, याटवाल्यांसाठी म्हणून यातलं काहीही नव्हतं. मरीना समजून येणाऱ्याने येऊ नये. आणि बोटी एकमेकींना बांधून ठेवण्याबद्दल तर याच बंदराचा इतिहास आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच किल्ल्याच्या आडोशाला होतं, जहाजं एकमेकांना बांधलेली, एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती एकावरून दुसऱ्यावर जात सगळं आरमार जळलं. मराठी समुद्राची एवढी मोठी ताकद, एका दिवसात. रात्री नांगरावर बसून समोरचं काळं पाणी बघताना ते डोक्यातून जात नाही, मला तरी गेलं नाही. दोन्ही रात्री मी उशिरापर्यंत बाहेर बसून होतो.

नांगराबद्दल थोडं तपशिलात. तळ चिखलाचा आहे, काळा, चिकट, नांगर टाकल्या टाकल्या धरला. वर काढताना मात्र अर्धा तास साखळी धुण्यात गेला, बादली आणि ब्रश तयार ठेवा. आमच्याकडे दहा मीटर साखळी आणि तीस मीटर दोर होता. हिशोब ओहोटीच्या पाण्याचा नाही, भरतीच्या पाण्याचा करायचा, चार मीटरमध्ये टाकला तरी भरतीला ते सहाच्या वर जातं, त्याच्या पाचपट म्हणजे तीस-बत्तीस मीटर सोडायला हवं, पण बोट फिरायला जागा पण हवी. बाजूच्या होड्या आखूड दोरावर असतात, त्या कमी फिरतात, आपण लांब दोरावर जास्त फिरतो, त्यामुळे पाणी उलटताना एकमेकांवर येऊ शकतो. भरती-ओहोटी बदलते तेव्हा पंधरा मिनिटं जागं राहून बघा बोट कुठे जाते, मग झोपा. आम्ही पहिल्या रात्री साडेअकराला पाणी वळताना बघितलं, शेजारच्या होडीपासून पंधरा फुटांवरून गेलो, मामा म्हणाले, "बरा आसा, झोपा आता जावयबापू."

डोलकाठीवर पांढरा दिवा रात्रभर लावाच, सगळीकडून दिसणारा. पहाटे होड्या बाहेर पडतात तेव्हा त्यांना शिडाची बोट तिथे असेल याची सवय नाही. सोलरवाला बागेतला दिवा लावून चालत नाही, पहाटेपर्यंत तो संपतो.

कागदपत्रांचं. कोकणातली ही छोटी बंदरं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या अखत्यारीत येतात, आणि 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर अनोळखी बोट दिसली की चौकशी होते, ती व्हायलाच पाहिजे. आम्ही नांगर टाकल्यावर लगेच डिंगीने, म्हणजे बरोबरच्या छोट्या रबरी होडीने, जाऊन बोर्डाच्या लोकांना स्वतःहून सांगितलं, बोटीचे रजिस्ट्रेशनचे कागद, इन्शुरन्स, तिघांची आधार कार्डं, कुठून आलो कुठे जाणार. झेरॉक्स दिल्या, वही भरली, चहा झाला, वीस मिनिटांत काम संपलं. त्यांनी येऊन विचारायची वाट बघू नका. एकदा गावाला कळलं की तुम्ही कोण आहात की तुमच्या बोटीवर गावाचं लक्ष असतं, हा अनुभव आहे. व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरच्या चॅनलवर चालू ठेवा, तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन्ही नंबर बोटीवर लिहून चिकटवलेले असू द्या.

डिंगी धक्क्याच्या पायऱ्यांना लावताना सांभाळा. पायऱ्यांना कालवं चिकटलेली आहेत, रबराची डिंगी ब्लेडने कापल्यासारखी फाटेल. आम्ही जुना गोणपाट पायरीवर टाकला आणि मग लावली. ओहोटीला खालच्या पायऱ्या शेवाळाच्या असतात, मित्र तिथेच गुडघ्यावर पडला, चांगलं सोललं.

पाणी. धक्क्याजवळ एका घरात विचारलं तर वहिनींनी विहिरीवरून तीन कॅन भरून दिले, पैसे घेतले नाहीत, आम्ही जबरदस्तीने मुलांसाठी खाऊ दिला. पण हे त्यांच्या चांगुलपणावर झालं, त्याला सोय म्हणता येत नाही, त्यामुळे पाणी बरोबर भरपूर न्या. डिझेल पण बरोबर न्या. मच्छीमार सोसायटीचं डिझेल सभासद बोटींसाठी असतं, कोटा ठरलेला असतो, तिथे जाऊन मागू नका आणि कोणी देतो म्हणालं तरी घेऊ नका, तो त्यांच्या पोटाचा विषय आहे.

जेवणाबद्दल एका ओळीत सांगता येणार नाही पण फार लांबवत पण नाही. पहिल्या संध्याकाळी धक्क्यावर होडी लागली तेव्हा मामांनी बांगडे घेतले, ताजे म्हणजे अंगावर हिरवी-निळी चमक असलेले, ते बोटीवरच्या स्टोव्हवर तिरफळ घालून केले, भाताबरोबर. दुसऱ्या दिवशी किल्ल्याजवळच्या एका घरगुती खानावळीत सुरमईची थाळी आणि सोलकढी. सकाळी घावणे सांगून ठेवले होते, गरम मिळाले, खोबऱ्याची चटणी. खानावळीत आधी सांगावं लागतं, अचानक गेलात तर शिल्लक असेल ते मिळेल.

किल्ल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, त्यावर सगळे लिहितात म्हणून मी लिहीत नाही. त्यापेक्षा डिंगीने किंवा कोणाच्या होडीने खाडीत आत जा आणि आरमाराची जुनी गोदी बघा. खडक कोरून केलेली, जहाजं भरतीला आत घ्यायची आणि ओहोटीला कोरड्यावर दुरुस्त करायची. आता गाळाने भरलीये, बाजूला झाडी आहे, बघायला आलेलं दुसरं कोणी नव्हतं. भरती चढत असताना जा आणि उतरायच्या आत निघा, नाहीतर सहा तास चिखलात. तिथे उभं राहिलं की कळतं की हे बंदर एकेकाळी कारखाना होतं, इथे जहाजं बांधली जायची, दुरुस्त व्हायची, इथून वर खारेपाटणपर्यंत गलबतं जायची माल घेऊन. मला वाईट याचं वाटतं की एवढ्या चांगल्या खोल बंदरात आज शिडाची बोट आली तर लहान मुलं धक्क्यावर बघायला जमतात. एका मुलाने मला विचारलं, काका ही पडद्यावर चालते का? त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना डिंगीने आणून बोट दाखवली, सुकाणू हातात दिलं. त्यांच्या पणजोबांनी कदाचित याच खाडीत शिडं ओढली असतील.

2025 च्या गणपतीच्या सुमाराला मुंबई-जयगड-विजयदुर्ग रो-रो (गाड्याही नेणाऱ्या) बोटीची घोषणा झाली तेव्हा बरं वाटलं होतं. माणसं परत समुद्रातून येणार असतील तर सोबत छोट्या बोटींसाठी चार बोया आणि एक तरंगती पायरी एवढंच करा, मासेमारीच्या जागेला हात न लावता, आत जिथे आम्ही नांगरलो तिथे. खर्च एका ट्रॉलरपेक्षा कमी येईल असं मामांचं म्हणणं आहे आणि माझं पण.

कधी जावं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून वायव्येचा वारा दुपारी फार जोर करतो, मुंबईकडे परत येताना तोंडावर बसतो. जून-जुलैत मासेमारी बंदीच असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि आपल्या साइजच्या बोटीने तेव्हा बाहेर पडायचा विचार पण करू नये, बंदर कितीही सुरक्षित असलं तरी तिथपर्यंतचा समुद्र नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो देवगडला, मामांना घरी सोडायला, बारा-तेरा मैलच आहे. मतलई छान होती, डेकवर सगळं दहिवर पडलेलं, शीड ओलं. धक्क्यावर एक बॅटरी दोनदा लुकलुकली. जाळं शिवणारे काका असणार, त्यांना आम्ही रात्री वेळ सांगितली होती. मामांनी पण बॅटरी दोनदा दाखवली.

साडेचार स्टार. अर्धा कापला तो पाण्याच्या आणि पायऱ्यांच्या गैरसोयीसाठी. जानेवारीत परत जायचं ठरतंय, यावेळी दोर चाळीस मीटर आणि गोणपाट दोन.